चार इंचांवरची आजी

हेब्बाळ

बंगळूरला जाऊन आलेली आपल्याकडची माणसं राजवाडे, बागा, नंदी हिल्स असं भरभरून सांगतात आणि वर म्हैसूरपाकाचा तुकडा हातावर ठेवतात. मी तिथे चांगलं दीड वर्ष राहिलो आणि यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. मी पाहिली देवनहळ्ळीच्या पूर्वेची दोन तळी. एक चुकून पाहिलं आणि दुसरं त्या चुकीमुळे. परत आल्यापासून लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी "तळी" म्हटलं की विषय बदलतात. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मुलगा मंदार तिकडे सॉफ्टवेअरमध्ये लागला आणि हेब्बाळला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिला. मी नुकताच रिटायर झालो होतो. बायकोच्या शाळेची दोन वर्षं उरली होती, तेव्हा तिने मला पोराकडे धाडून दिलं. "इथे माझ्या डब्यांना लेबलं लावत बसण्यापेक्षा तिकडे जा," असं स्वच्छ सांगितलं. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तीस वर्षं रेघा मारल्या; लेबल लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला मी काय करू? हेब्बाळला लेबल लावण्यासारखं काही नव्हतं. मंदार सकाळी आठला जाई, रात्री उशिरा येई आणि "बाबा, आय ॲम डेड" म्हणून झोपे. मी गॅलरीतून तळ्यातली बदकं मोजत असे.

मग एकदा बंगळूरच्या पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, रद्दीच्या गठ्ठ्याखाली, मला तो नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला, इंग्रजी अमदानीतला, एक इंचाला एक मैल. काय काम होतं म्हणून सांगू! तळी निळी, डोंगरांच्या उंचीच्या रेघा तपकिरी, प्रत्येक देऊळ, प्रत्येक विहीर, एकटं उभं असलेलं एखादं झाडसुद्धा टिपलेलं. साखळ्या ओढत उन्हातान्हात हिंडलेल्या कुणा अनोळखी माणसांना मी त्या दुकानात उभ्या उभ्या नमस्कार केला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक पैसे न देता निघालं.

नकाशा काखोटीला मारून मी सोनक्काकडे गेलो. सोनक्का माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी. नात्याने आत्या, पण ती राहते ते सगळं बळेपेट तिला सोनक्का म्हणतं म्हणून मीही. वडील अठराव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला आले ते इकडचेच झाले. ती बंगळुरातच राहिली, लग्नही तिथल्याच मराठी घरात झालं. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, तेव्हा नव्वदीचे. कान गेलेले, दम्याने छाती भात्यासारखी वाजायची. कुणीही काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर असे, "बघू."

मी नकाशा जमिनीवर पसरला आणि उंचीच्या रेघा कशा वाचायच्या यावर व्याख्यान सुरू केलं. सोनक्का भिंग घेऊन पाच मिनिटं त्यावर वाकली आणि म्हणाली, "ते सगळं सरी बंडू. यात माझी आई कुठे आहे ते सांग की."

माझं व्याख्यान तिथेच संपलं. गोष्ट मला अर्धवट ठाऊक होती, ती तिने पुरी केली. माझे आजोबा, म्हणजे तिचे अप्पा, महसूल खात्यात फिरतीवरचे कारकून. बंगळुरात तापाची मोठी साथ आली तेव्हा त्यांनी बिऱ्हाड देवनहळ्ळीकडच्या एका खेड्यात हलवलं. ताप मागोमाग आला आणि आजी तिथेच गेली. सोनक्का तेव्हा सहा वर्षांची. तळ्याकाठी दहन केलं, आजोबांनी त्या जागी एक छोटं दगडी वृंदावन बसवलं, आणि महिन्याभरात सगळे परतले. वर्षभरात आजोबांचं दुसरं लग्न झालं. घरात पहिलीचा विषय बंद.

"मुलीने लग्न झाल्यावर सवाष्ण गेलेल्या आईच्या वृंदावनाशी जाऊन ओटी भरायची असते," सोनक्का म्हणाली. "मला कुणी नेलं नाही. अप्पांना विचारायची सोय नव्हती. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, बघू. सत्तर वर्षं बघतायत. आता परवा ह्यांना पुन्हा दम लागला. हे गेले की मी ओटी कशी भरणार? मग राहिलंच की ते कायमचं."

आतोबा खाटेवरून आमच्याकडे पाहून प्रसन्न हसले. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. बिऱ्हाडातली पोरं नुसतं 'गाव' म्हणत. पण वडिलांच्या ट्रंकेत आजोबांची फिरतीची वही होती, ती मी पुण्याहून मागवली. तिच्यात एक ओळ मिळाली: देवनहळ्ळी किल्ल्याच्या पूर्व दरवाजापासून चार मैल, तळ्याचा बांध, जवळ देऊळ. चार मैल म्हणजे चार इंच! मला इतका आनंद झाला की मी मंदारला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे."

कापडाचा नकाशा प्रवासात फाटला असता. म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून देवनहळ्ळीच्या आसपासच्या तुकड्याची झेरॉक्स काढून आणली, रंगीत पेन्सिलींनी तळी निळी केली, डिव्हायडर चार इंचांवर धरला, किल्ल्यावर टोक रोवलं आणि कंस मारला. कंसावर बरोबर एक तळं आलं, काठाशी देवळाची खूण. त्या गावाभोवती मी लाल वर्तुळ काढलं.

शनिवार

टॅक्सी भीमशीची. भीमशी मूळचा अथणीकडचा, राहायला के. आर. पुरमला, गाडी ॲम्बेसेडर. मराठी आणि कानडी दोन्ही तो सारख्याच जोरात बोले. सोनक्का मागे बसली. मांडीवर हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकवाची कोयरी. आतोबांना शेजारणीच्या ताब्यात दिलं होतं.

येलहंका सुटलं की द्राक्षांचे मांडव लागतात. आपल्या सांगली-नाशकाच्या माणसाने नाक मुरडावं असं काही नाही, चांगली होती द्राक्षं. पण देवनहळ्ळीची खरी चीज पपनस. किल्ल्याच्या दरवाजाशी बाया ती ढीग लावून विकतात. आपल्याकडे पपनस गणपतीपुढे मांडायचं असतं, खायचं नसतं. तिथे ते सोलून, वर मीठतिखट टाकून देतात, आणि मी उभ्या उभ्या दीड पपनस संपवलं. चहावाला सांगत होता की इथे पुढेमागे मोठा विमानतळ होणार. मी त्याला हसलो. माझे अंदाज कसे असतात ते पुढे वाचकांच्या लक्षात येईल.

पूर्व दरवाजापासून मी भीमशीला मीटर बघायला सांगितलं. "चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत गाव लागलं पाहिजे."

साडेसहा झाले. गाव नाही. सात झाले, आठ झाले.

"साहेब, तुमचं चार मैल कवाच सरलं," भीमशी म्हणाला.

"तुझं मीटर पळतंय."

"माझं मीटर? परवाच करून घेतलंय की वो!"

"कुठे?"

"के. आर. पुरमला."

"मग बरोबर. हा नकाशा साखळीने मोजलाय भीमशी. साखळी खोटं बोलत नाही."

भीमशीने आरशातून सोनक्काकडे पाहिलं. सोनक्काने खिडकीबाहेर पाहिलं. नऊ किलोमीटरला लाल वर्तुळातलं गाव आलं. (त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना आमच्यामुळे आणखी त्रास नको.)

तळं होतं, पण कोरडं ठाक, मधे म्हशी चरत होत्या. बांध होता. देऊळही होतं, पण आत मुनेश्वर, तिकडचा गावदेव. सोनक्का म्हणाली, "मारुती होता रे. वाकड्या तोंडाचा. आणि बांध डाव्या हाताला होता."

आता मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सोनक्का, तू सहा वर्षांची होतीस. तुम्ही पलीकडून आला असाल. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत देवसुद्धा बदलतात." नकाशा तिच्या नाकासमोर धरून मी तिला डिव्हायडरची दोन भोकं दाखवली.

"तुझा नकाशा म्हणतो तर असेल," ती म्हणाली.

वृंदावनही मीच शोधून काढलं. बांधाच्या आतल्या अंगाला कमरेएवढा घडीव दगडी खांब होता, माथ्यावर कमळ कोरलेलं. "हेच!" मी ओरडलो. गावचे गौडा, म्हणजे पाटील, हनुमंतरायप्पा नावाचे, सत्तरीचे भारदस्त गृहस्थ, दहापंधरा माणसं घेऊन आले होते. त्यांनी त्या खांबाकडे पाहिलं, सोनक्काच्या हातातल्या खणाकडे पाहिलं आणि चपला काढून हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मी मनात म्हटलं, बघा, गावाला आठवण आहे!

सोनक्काने खांबाला हळदकुंकू लावलं, खण बांधला, ओटी भरली. मग त्याला दोन्ही हातांनी धरून ती इतकी रडली की भीमशीने फडक्याने गाडीची काच पुसायला घेतली. मलाही भरून आलं. आणि त्यात स्वतःविषयीचा अभिमान बराच होता.

गौडांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. सोनक्काने शनिवारचा उपास सांगून शहाळ्यावर भागवलं. माझ्यापुढे नाचणीचा वाफाळता गोळा आला, मुद्दे म्हणतात त्याला, आणि पालेभाजीचं सारू. आपली नाचणीची भाकरी चावून चावून खायची. मी मुद्द्याचा घास चावला. तो वरच्या दाताला चिकटला, मग खालच्या, मग दोन्ही एकमेकांना चिकटले. समोर बसलेली सगळी पंगत जेवायची थांबली.

"चावू नको रे, गिळ!" सोनक्का ओसरीवरून ओरडली. "दात काय दाखवतोस त्याला?"

मला कानडीतला 'सरी', म्हणजे 'ठीक', हा एकच शब्द नीट येत होता. वाढणारी बाई काही विचारी, मी 'सरी' म्हणे, आणि ती आणखी एक गोळा टाके. तीन मुद्दे खाऊन मी गाडीत आडवा झालो.

रविवार सकाळ

सोनक्काने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मलाही केला. "शांत झोप लागली बघ. आता हे गेले तरी चालतील."

मी खुशीत कापडाचा नकाशा काढला. लाल वर्तुळ त्यावरही हलक्या पेन्सिलीने काढून ठेवावं, म्हणजे पुढच्या पिढ्यांना उपयोगी. किल्ल्यावर डिव्हायडरचं टोक ठेवलं, चार इंच घेतले. दुसरं टोक लाल वर्तुळातल्या गावाच्या बरंच अलीकडे, भलत्याच तळ्यावर पडलं.

मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. मग झेरॉक्स शेजारी ठेवली आणि माझ्या पोटात गोळा आला, कालच्या तिन्हींहून मोठा. झेरॉक्सवाल्याने अख्खा तुकडा एका पानात बसावा म्हणून लहान करून काढला होता. बिचाऱ्याने मेहरबानी म्हणून केलं होतं. खालची मापपट्टी त्यात आलीच नव्हती. त्या कागदावर एक इंच म्हणजे जवळजवळ दीड मैल!

आता ऐका. तीस वर्षं मी प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने एक सूचना लिहीत आलो: प्रतीवरून माप घेऊ नये. कागद आकसतो, छापणारा लहानमोठं करतो, म्हणून प्रतीवर पट्टी ठेवायची नाही. एका पोराने एकदाच ठेवली, तर मी त्याला असा फाडला होता की त्याने दुसऱ्या खात्यात बदली मागितली. त्या पोराची मी त्या रविवारी मनातल्या मनात माफी मागितली.

मंदार ब्रश करत बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, लीव्ह इट ना. शी इज हॅपी. तिला काय कळणारे?"

मलाही क्षणभर ते पटलं, खोटं कशाला बोलू? पण मग आतोबांची छाती आठवली. आज ना उद्या ते जाणार. आणि ते गेले की सोनक्काला ओटी भरता येणार नाही. म्हणजे मी गप्प बसलो तर माझ्या एका झेरॉक्सपायी तिची आई कायमची राहून जाणार. त्या दिवशी फोन वाजला की मी आधी आतोबांचं विचारायला लागलो.

मंगळवार

तिला सांगण्याआधी निदान खरी जागा आहे का ते बघावं, म्हणून मी भीमशीला घेऊन गुपचूप निघालो. मीटरची माफी मागितली.

"त्येचं काय न्हाई साहेब," तो म्हणाला. मग गिअर बदलून म्हणाला, "खांबाचं पण कळलं का तुमास्नी?"

"कुठला खांब?"

"ज्येला अक्कांनी खण बांधला. त्यो तूबु हाय. तळ्याचं पाणी शेताला सोडायची मोरी असती, तिचा खांब."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यास्नीच म्हाईत हुतं की! गौडांना वाटलं, तळं कोरडं हाय म्हणून ह्या बाई गंगेची पूजा कराय आल्यात बंगळूरहून. समदे खूश झाले. आनि तुम्ही तर नकाशा दावत हुता. मी म्हटलं, शिकलेलं माणूस हाय."

पूर्व दरवाजाशी मी त्याला शनिवारचा रस्ता सोडून दुसरा फाटा घ्यायला सांगितलं.

तिथून बरोबर साडेसहा किलोमीटरला दुसरं गाव लागलं. बांध डाव्या हाताला. देवळात मारुती, तोंड एका बाजूला वळवलेलं. तळ्यात ढोपरभर पाणी होतं. मी डोक्याला हात लावून गाडीतच बसलो. सहा वर्षांच्या पोरीला सगळं लख्ख आठवत होतं आणि मी तिला डिव्हायडरची भोकं दाखवत होतो!

तळ्याच्या वरच्या रानात चुना लावलेले दगड ओळीने रोवले होते, प्रत्येकावर आकडा. लेआउट पडत होता. सफारी घातलेला एक गृहस्थ छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. मी बांधावर इकडे तिकडे शोधतोय हे पाहून तो उठून आला आणि तोडक्या हिंदीत विचारू लागला, प्लॉट हवा का? मी म्हटलं, नको, आजी हवी. भीमशीने कानडीत नीट सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा असा फुलला की मला भीती वाटली. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"मराठी अम्मा? तुमची? सार, तीन महिने मी तुमची वाट पाहतोय!"

त्याने मला जवळजवळ ओढतच नेलं. आखलेल्या मुख्य रस्त्याच्या ऐन मधोमध, चिंचेखाली, एक छोटं दगडी वृंदावन उभं होतं. हळदकुंकवाने पिवळंलाल, समोर पणती, ताजी शेवंती. शेजारी एक म्हातारी फतकल मारून बसली होती. तिचं नाव अक्कय्यम्मा. ती राखण करत होती, आणि सफारीवाल्याकडे पाहत होती ते काही चांगल्या नजरेने नव्हे.

तिने सांगितलेलं भीमशीने मला सांगितलं. तिच्या सासूने त्या परक्या बाईला पाहिलं होतं. कारकुनाची बायको, दोन लेकरं, तापाने गेली. परक्या मुलखात सवाष्ण गेली, तिला विचारणारं कुणी नाही, म्हणून सासूने शुक्रवारी कुंकू लावायला सुरुवात केली. मग गावच्या सगळ्याच बाया लावू लागल्या. लग्न ठरलेली पोर आधी इथे येऊन जाते. हा माणूस रस्त्यासाठी दगड हलवू म्हणतो. मारुतीच्या आवारात नेऊन बसवायला बायांची ना नव्हती. पण घरच्या माणसाने हात लावल्याशिवाय दगड हलवायचा नाही, असं त्यांनी ठणकावलं होतं. यंत्र आलं त्या दिवशी चाळीस बाया इथे बसून राहिल्या होत्या.

ज्या बाईचा आमच्या घरात विषय निघत नव्हता, तिच्यासाठी चाळीस बाया यंत्रापुढे बसल्या होत्या. मी तिचा सख्खा नातू, आणि मी आलो होतो चुकीचा पत्ता घेऊन.

"आता हात लावा की सार," सफारीवाला म्हणाला, आणि त्याने माझ्यासाठी शहाळं फोडलं.

"मी नाही," मी म्हणालो. "माझ्याहून जवळचं माणूस आहे. शुक्रवारी घेऊन येतो."

बळेपेट, त्याच संध्याकाळी

सोनक्का तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, झेरॉक्ससकट. तूबूचं सांगताना आवाज आपोआप खाली गेला.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी ओटी कुणाची भरली? मोरीची?"

"हो."

"आणि रडले ते?"

"तेही."

"अय्यो, बंडू!" ती म्हणाली, आणि तिने सुपातले मूठभर तांदूळ मला फेकून मारले. "मी म्हणत होते, मारुती होता! म्हणत होते की नाही? बांध डाव्या हाताला! आणि हा मेला मला भोकं दाखवतो!" मग तिला हसू फुटलं. हसता हसता खोकला लागला, पलीकडे आतोबांनाही लागला, आणि मी दोघांना पाणी देत धावत सुटलो. आतोबांचा खोकला थांबेना तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं. उठून त्यांच्या खाटेशी गेली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "शुक्रवारपर्यंत काही करायचं नाही! ऐकलं का?"

आतोबा म्हणाले, "बघू."

शुक्रवार

त्यांनी शब्द राखला. शुक्रवारी सकाळी ते स्वतः कॉफी मागून प्यायले, आणि आम्ही निघालो.

मी बरोबर काही घेतलं नाही. नकाशा नाही, डिव्हायडर नाही. देवनहळ्ळी सुटल्यावर सोनक्काच भीमशीला सांगत होती, "आता डावीकडे बांध येईल. तो बघ आला." मारुती दिसल्यावर ती माझ्याकडे वळून काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

चिंचेखाली गावच्या बाया जमल्या होत्या. अक्कय्यम्मा पुढे आली. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग कानडीत एकदमच बोलू लागल्या, मला 'सरी' म्हणायलाही जागा नव्हती. सफारीवाल्याने चार गडी, पहारी आणि शहाळ्यांची गाडी तयार ठेवली होती. मारुतीचे पुजारी ताम्हन घेऊन बसले. दगड हलवायचा म्हणजे आधी संकल्प हवा. त्यांनी सोनक्काला वृंदावनाला हात लावायला सांगितलं आणि गोत्र विचारलं.

"काश्यप," ती ठणठणीत म्हणाली.

पुजाऱ्यांनी अम्माचं नाव विचारलं.

सोनक्का गप्प. पुजाऱ्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळ्या बाया पुढे सरकल्या. पिढ्यानपिढ्या त्या नुसतं 'मराठी अम्मा' म्हणत आल्या होत्या, त्यांनाही ऐकायचं होतं. सोनक्काने दगडावरचा हात न काढता मान वळवली आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "आईचं नाव काय रे?"

"विसरलीस?"

"विसरायला, आधी सांगितलं होतं कुणी? आम्ही आई म्हणत होतो. अप्पा 'अगं' म्हणायचे. मग नवी आई आली. पुढे कुणाला विचारायची लाज वाटायला लागली, एवढी मोठी होऊन आईचं नाव ठाऊक नाही म्हणून."

मला माहीत होतं. दर पितृपंधरवड्यात बाकीच्या नावांबरोबर ते नाव मी भटजींच्या मागून म्हणत आलो होतो, एक डोळा घड्याळावर ठेवून, ऑफिसला उशीर होतोय म्हणून. पुरुषांच्या तोंडी ते दरवर्षी फुकट जात होतं आणि ही इथे त्याच्यावाचून म्हातारी झाली. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"द्वारका," मी म्हणालो.

तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग पुजाऱ्यांना सांगितलं, मग वळून सगळ्या बायांना मोठ्याने सांगितलं. अक्कय्यम्माने ते मागच्या बायांना सांगितलं आणि त्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि पार तळ्याच्या काठापर्यंत बाया माझ्या आजीचं नाव घेत राहिल्या. पुजाऱ्यांनी मंत्र सुरू केला. सोनक्काने खण उलगडला, दगडावर नीट बसवला, तांदळाची ओंजळ भरली आणि खाली वाकली.

"आई, सोनी आले," ती म्हणाली. "स्वल्प उशीर झाला."